एक दिवस आधी झालेली भाऊबीज

प्रकार शनिवारी संध्याकाळी आठ वाजता सुरू झाला आणि रविवारी दुपारी साधारण साडेबाराला मिटला. मधल्या सोळा-साडेसोळा तासांत आमच्या घराण्यातल्या चार शहाण्या माणसांना आपण काल कुठे होतो हे खात्रीने सांगता येत नव्हतं. त्या चौघांत मी नव्हतो. मी बराच वेळ झोपलो होतो. तरीही दोष सगळा माझ्याकडे आला, म्हणून हकिगत क्रमाने सांगतो.

मी नगरच्या एका दैनिकात एकतीस वर्षं उपसंपादक होतो. बातमीदार लिहितो, उपसंपादक कापतो. निवृत्त झाल्यावर कापायला काही उरलं नाही. बायको माधुरी भाजीसुद्धा मला चिरू देत नाही, कारण मी एक गवार चिरायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात तिची आमटी होते. अशा वेळी माझी नजर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली.

‘वाबळे परिवार’ या ग्रुपमध्ये एक्केचाळीस माणसं आहेत. मुळात आम्ही चार भावंडं. थोरली चांगुणाबाई, म्हणजे आक्का, शेवगावला. तिच्या पाठचा रंभाजीदादा कर्जतजवळ शेतावर. मग मी. धाकटा अजिनाथ श्रीरामपूरला, साखर कारखान्याच्या कार्यालयातून निवृत्त. पुढची पिढी पुणे, हैदराबाद, मस्कत अशी पांगलेली. सगळे रोज एकमेकांना सगळं कळवतात आणि कुणालाच काही कळत नाही. गणपतीच्या सुमारास अजिनाथची बायको लंकाबाई हिचा पाय मुरगळला. सकाळी कुणीतरी ‘काकी पडल्या’ असं टाकलं. दुपारी प्लास्टर झालं. चार वाजता मस्कतहून ‘ऑपरेशन नीट झालं का’ अशी विचारणा आली, आणि संध्याकाळी रंभाजीदादा शहाळी घेऊन श्रीरामपूरच्या दोन दवाखान्यांत शोधून आला. लंकाबाई तोवर ओट्याशी उभी राहून चकल्यांची भाजणी भाजत होती. मुळात तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि पाय किंचित वाकडा पडला होता. बातमी एवढीच होती.

मी अजिनाथच्या मुलीला, सायलीला फोन केला. ग्रुप तिने काढलेला.

“मला ॲडमिन कर. यापुढे प्रत्येकाने आपली बातमी सहा वाजेपर्यंत मला पाठवायची. मी खात्री करून रोज आठ वाजता एकच बातमीपत्र टाकीन.”

“आणि बाकीच्यांनी काय करायचं, काका?”

“वाचायचं.”

“उत्तर द्यायचं असलं तर?”

“पेपरच्या वाचकाला पानावर लिहिता येतं का?”

सायलीने मुकाट्याने ग्रुपची कळ फिरवली. आता ग्रुपवर फक्त मी लिहू शकत होतो. ही कळ पुढे माझ्याच गळ्याशी येणार होती, पण तेव्हा मला फार शांत वाटलं.

पहिल्या आठवड्यात तक्रारी आल्या. रंभाजीदादाने फोन करून विचारलं, “माझी म्हैस व्याली त्येचं काय झालं?”

“जागेअभावी राहिलं, दादा.”

“जागा? मोबाईलला कवापास्नं कॉलम आले?”

मी त्याला बातमीचं महत्त्व स्थळ आणि काळ यांवर कसं ठरतं ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, “तुझ्यापेक्षा म्हशीला जास्त समजतं,” आणि फोन ठेवला. पण महिनाभरात एक गोष्ट नक्की झाली. माझ्या बातमीपत्रात आलं म्हणजे ते झालं. आकडा चुकत नाही, नाव चुकत नाही. बारशाची वेळ पत्रिकेत चुकली आणि माझ्याकडे बरोबर होती, असंसुद्धा एकदा घडलं. घराण्यात माझ्या शब्दाला जे वजन एकतीस वर्षांच्या नोकरीत आलं नव्हतं ते चार आठवड्यांत आलं. या वजनानेच पुढचा घात केला.

दिवाळीच्या आधी आक्काचा फोन आला.

“गहिनी, तू समद्यांच्या बातम्या देतो. माझी येक दे.”

“बोल आक्का.”

“चेतन मला हैदराबादला नेतोय. गुडघे काय आता ऐकत न्हाईत. मंगळवारी जायचं, घराला कुलूप लावायचं. त्येच्या आधी तुमी तिघं भाऊ येका दिवशी या. येका पाटाच्या रांगेत बसा. अकरा वर्सं झाली, येक येतो तवा दुसरा गेल्याला असतो.”

हे खरं होतं. भाऊबीज म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला एका ओवाळणीचा कार्यक्रम वाटतो. पण प्रत्येक भाऊ कुणाचा तरी नवरा असतो, आणि त्या बायकोलाही भाऊ असतात, आणि ते त्याच दिवशी पाहुणे म्हणून येतात. माधुरीचा भाऊ संगमनेरहून गुरुवारी येणार. तो आल्यावर मी घराबाहेर असलो तर ती गोष्ट पुढच्या दिवाळीपर्यंत निघत राहते. लंकाबाईचे दोन भाऊ शुक्रवारी. रंभाजीदादाला शनिवारी कर्जतचा बाजार. मी मोठ्या कागदावर तक्ता आखला.

शेजारचे गोरक्षनाथ शेळके तक्ता बघायला आले. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि कुठल्याही अडचणीकडे फलाट म्हणून बघतात.

“मेहुण्यांच्या गाड्या आधी बाहेर काढा,” ते म्हणाले. “फलाट मोकळा झाला की भावांच्या लावा. रविवार सकाळ मोकळी दिसतेय.”

रविवार ठरला. सत्तावीस फोन लागले, पण ठरला. आक्काचा मुलगा चेतन दिवाळीला पुण्याला सासुरवाडीत होता. तो सोमवारी शेवगावला येऊन मंगळवारी आईला घेऊन निघणार होता. सगळं जागच्या जागी बसलं.

आता जी चूक झाली ती आमच्या धंद्यातल्या माणसाकडूनच होऊ शकते. रविवारी दिवसभर मी शेवगावात असणार. जेवण, ओवाळणी, परतीची गाडी. आठ वाजता बातमीपत्र कोण लिहिणार? वर्तमानपत्रात याला साधा उपाय आहे. समारंभ संध्याकाळी असला आणि पान दुपारी लावायचं असलं तर बातमी आधीच लिहून ठेवतात. ‘उत्साहात पार पडला’ हे शब्द समारंभाच्या आदल्या दिवशीच लिहिलेले असतात. दुसऱ्या दिवशी फक्त पाहुण्यांचं नाव तपासायचं. एवढ्या वर्षांत मी असे शेकडो समारंभ उत्साहात पार पाडले आहेत, त्यातले दोन प्रत्यक्षात झालेच नाहीत. पण ते जाऊ दे.

शुक्रवारी दुपारी मी रविवारची बातमी लिहिली:

‘शेवगाव : श्रीमती चांगुणाबाई यांच्या निवासस्थानी आज तिन्ही बंधूंची भाऊबीज उत्साहात पार पडली. अकरा वर्षांनी तिघे एकत्र जमल्याने वातावरण भारावले होते. पुरणपोळी, कटाची आमटी व कुरडया असा बेत होता. ज्येष्ठ बंधू रंभाजी यांनी पाच पोळ्या घेऊन बहिणीच्या हाताची चव कायम असल्याचे सांगितले. निरोप घेताना अजिनाथ यांचे डोळे पाणावले.’

अजिनाथचे डोळे पाणावणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तो कारखान्याचा भोंगा वाजला तरी पाणावतो. तारीख मात्र मी मोकळी ठेवली. टाकताना घालायची, हा शिरस्ता.

शनिवारचं बातमीपत्रही तयार होतं. त्यात मस्कतच्या पुतण्याने आणलेला टीव्ही आणि नगरात झेंडूला मिळालेला भाव एवढंच होतं. दोन्ही मजकूर मोबाईलमध्ये एकाखाली एक. आठला दोन मिनिटं कमी असताना वीज गेली. चष्मा बाहेरच्या खोलीत. मी अंदाजाने एक मजकूर उचलला आणि आठ वाजता बरोबर टाकला. वेळ पाळल्याचं समाधान झालं. मग नेहमीच्या नियमाप्रमाणे मोबाईलचा आवाज बंद करून जेवून झोपलो.

सकाळी उठलो तर त्रेचाळीस कॉल येऊन गेले होते. बघतो तोच चव्वेचाळिसावा आला. आक्काचा.

“गहिनी,” ती हळू आवाजात म्हणाली, “काल तुमी आलता का रं?”

आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मला वाटलं, झालं, हिची आठवण चालली.

“नाही आक्का. आज यायचंय. आम्ही निघतोच आहोत.”

“मंग तुझ्या बातमीत कसं आलं, की झालं म्हून?”

मी चष्मा शोधला, ग्रुप उघडला आणि माझाच मजकूर वाचला. चांगला लिहिला होता.

“आक्का, ते चुकून—”

“चेतननं रातच्याला फोन केला. म्हनला, आई, झालं ना मनासारखं? म्या म्हनलं, अजून कुठं, उद्या येनार हायेत. तर गप झाला. मंग म्हनला, आज वार कोनता? म्या म्हनलं, तुझ्या घरी क्यालेंडर न्हाई का. तर अजूनच गप झाला.” ती थांबली. “त्यो आजच येतोय गाडी घिऊन. म्हनतो, आई तू विसरायला लागली, आता येक दीसबी येकटी नको. दहापस्तोर पोचंल. बोचकी बांदून ठेव म्हनला.”

“तू त्याला सांगितलं नाहीस का, कुणी आलं नव्हतं म्हणून?”

“सांगितलं की. पर गहिनी, तू लिव्हलंय म्हनल्यावर मलाबी वाटाया लागलं, आले आसतील. म्या सकाळी उठून हांडी बगितली, पुरन शिजवल्यालं दिसतंय का म्हून.”

या वाक्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही, आणि मी सहसा काही विसरत नाही.

चेतनला फोन लावला. तो गाडीतच होता.

“चेतन, कालची बातमी चुकीची आहे. भाऊबीज झालेलीच नाही.”

“मामा, आईला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही हे करताय, मला कळतंय.”

“अरे, खरंच झालेली नाही.”

“तुम्ही स्वतः लिहिलंय. रंभामामांनी पाच पोळ्या खाल्ल्या. अजिनाथमामांचे डोळे पाणावले. असलं कोणी बनवून लिहितं का?”

मी म्हणालो, “आम्ही लिहितो.” पण तोवर रेंज गेली होती.

आता ग्रुपवर दुरुस्ती करायला हवी होती. घाईत मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती बातमी सर्वांसाठी काढून टाकली. तिच्या जागी ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला’ अशी ओळ आली. कालपर्यंत ज्यांना नुसता प्रश्न पडला होता त्यांना आता संशय आला. लंकाबाईने माधुरीला फोन करून विचारलं, “मला न नेता तिघं जेवून आले, आन आता पुसून टाकायचं व्हय?”

मग मी खुलासा टाकला. खुलासा लिहिण्याची आमच्याकडे एक पद्धत आहे. चूक काय होती ते वाचकाला कळता कामा नये. हात आपोआप चालला: ‘काल प्रसिद्ध झालेला मजकूर तांत्रिक कारणाने प्रसिद्ध झाला. वाचकांनी नोंद घ्यावी.’

रंभाजीदादाचा फोन अर्ध्या मिनिटात.

“म्हंजी म्या गेल्तो का न्हाई?”

“दादा, तू काल कुठे होतास हे तुला माहीत नाही?”

“मला ठावं हाय. म्या बाजारात व्हतो. पर घरात कुनी मानंना. ही म्हनती, बाजाराच्या नावाखाली भैनीकडं पाच पोळ्या हानून आला आन रातीला परत जेवला. सुनंनं बातमी दोनदा वाचून दावली. गावात भीमा सोनार म्हनतो, आपल्या संगं च्या पेला त्यो कोन मंग?”

“तू निघ. शेवगावला ये. लगेच.”

“येतोच. पोळ्या कुनी खाल्ल्या ते तिथंच बगतो.”

अजिनाथला फोन केला तर तो अर्ध्या वाटेवर आला होता. तो शांत होता, पण आवाज ओला होता. “दादा, मी तिथे नसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.”

आम्ही निघताना शेळके फाटकाशी उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. माधुरीने सांगितलं असणार. ते म्हणाले, “वाबळे, गाडी सुटली असं फलाटावर ओरडलात आणि गाडी अजून डेपोतच आहे. आता एकच करायचं. माईक हातात घ्यायचा आणि ‘मी चुकलो’ म्हणायचं. तांत्रिक कारण सांगितलं की पब्लिक काचा फोडतं.”

एसटीत माधुरी खिडकीशी बसली. तिसगाव आल्यावर म्हणाली, “अहो, त्या बातमीत माझं नाव नव्हतं.”

“जागेअभावी.”

“मी पुरण वाटणार होते. उभ्याने. पाच तास.”

पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. चेतनची गाडी दारात, मागचं झाकण उघडं. आत दोन बोचकी, गादीची वळकटी, भांड्यांचं पोतं. ओसरीवर आक्का नवं लुगडं नेसून, पायात चपला घालून बसली होती. बसस्टँडवर बसतात तशी. तिने मला बघितलं आणि उठली नाही.

“मामा,” चेतन मला बाजूला घेऊन म्हणाला, “मी तिला काही बोललो नाही. फक्त विचारलं, काल कोण आलं होतं. आधी म्हणाली कोणी नाही. मग म्हणाली, आले असतील, तुझा मामा खोटं लिहीत नाही. बघा तुम्हीच. हैदराबादला आमच्या ओळखीचे चांगले डॉक्टर आहेत.”

त्याचा चेहरा उतरलेला होता. रात्रभर त्याने काय काय विचार केला असेल ते दिसत होतं. मी त्याला मोबाईल दाखवला. शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लिहिलेला मजकूर, वेळेसकट. त्याने वाचला. परत वाचला.

“शुक्रवारी तुम्हाला कसं माहीत, की अजिनाथमामा रडणार?”

तेवढ्यात अजिनाथ रिक्षातून उतरला. आक्काला चपला घालून बसलेली आणि गाडीत सामान बघून त्याने जे केलं त्याने चेतनच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं.

रंभाजीदादा अकराला आला. येताच विचारलं, “पोळ्या कुठायत?” मग त्याने आक्काकडे बघितलं आणि टोपी काढून तिच्याशेजारी बसला.

मी आक्कासमोर उभा राहिलो. शेळक्यांचं ऐकायचं ठरवलं.

“आक्का, काल कोणीही आलं नव्हतं. दादा बाजारात होता. अजिनाथ श्रीरामपुरात. मी घरी. मी ती बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती आणि चुकून टाकली. तुझं काही विसरलेलं नाही. मी चुकलो.”

आक्काने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजी म्या यडी न्हाई?”

“नाहीस.”

“चेतन, आयकलं का?”

“ऐकलं, आई.”

“वार रविवार हाय. परवा मंगळवार. आजून काय इचारायचंय?”

आक्का माझ्याकडे वळली. “आन हे तोंडानं नको. समद्यांला गेल्तं, समद्यांला जाऊ दे. लिव्ह.”

तिने सांगितलं आणि मी लिहिलं. एकही शब्द कापला नाही. ‘काल भाऊबीज झाली न्हवती. गहिनीनं आधीच लिव्हली. चांगुणाबाईचं डोकं शाबूत हाय.’ मी फक्त ‘न्हवती’चं ‘नव्हती’ करू का विचारलं. ती म्हणाली, “बोलनारी म्या हाय.” तसंच टाकलं. ग्रुपची कळ फिरवून सगळ्यांना लिहायला मोकळं केलं. मिनिटभरात ग्रुपवर एवढी गर्दी झाली की मोबाईल गरम झाला. मस्कतच्या पुतण्याने विचारलं, मग भाऊबीज नक्की कधी आहे?

ती व्हायला दीड तास लागला, कारण भांडी पोत्यात होती आणि पोतं वळकटीखाली होतं. पाट सापडले नाहीत. आम्ही तिघं चटईवर एका रांगेत बसलो. पुरणाला वेळ नव्हता. माधुरी आणि शेजारीण यांनी मिळून पिठलं-भाकरी केली. आक्काने स्टीलच्या ताटलीत निरांजन ठेवून आधी दादाला, मग मला, मग अजिनाथला ओवाळलं. माझ्यापाशी आल्यावर जरा थांबली, ताटली डोळ्यांजवळ आणून माझा चेहरा नीट बघितला, जणू मी खरंच आलोय याची खात्री करत होती. मग टिळा लावला.

जेवताना दादाने चार भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या, सवय. कुणाला सांगितलं नाही.

हात धुऊन झाल्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसली. ओसरीवर चेतन गाडीतली बोचकी एकेक करून परत आत आणत होता.

“मंगळवारपस्तोर ऱ्हाते म्या,” ती म्हणाली. “गहिनी, मंगळवारचं लिव्हून ठिवलंय का रं?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्या दिवशी नको वाटलं. “ठेवलंय.”

“वाच.”

मी मोबाईल काढून वाचलं: “शेवगाव : श्रीमती चांगुणाबाई आज चिरंजीवांसमवेत आनंदाने हैदराबादला रवाना झाल्या.”

तिने दाराकडे बघितलं. चेतन वळकटी खांद्यावर घेऊन आत येत होता.

“बाकी ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “आनंदानं तेवढं काढ.”

मी काढलं.